सोमवारी हौद उपसताना

हौद भरायला शनिवारी टँकर लागला, साडेसातशे रुपये.
उपसायला सोमवारी मी एकटा, आणि एक बादली.
बुडाची तोटी महापुरापासून गाळानं बसलीय.
दुरुस्तीचा ठराव तीनदा मांडला, तीनदा पुढं ढकलला.
आमच्यात बिशप नाही, वरून हुकूम येत नाही.
हात वर होतात, सेक्रेटरी मोजतात, संपलं.
चार वर्षांमागं मला ठेवून घेतलं ते
अकरा विरुद्ध नऊनं.
नऊ कोण, मला ठाऊक आहे.
सहा जणांच्या उशाशी मी दवाखान्यात रात्री काढल्यात,
दोघांना मातीही दिलीय,
आणि एक माझा सख्खा मेहुणा.

व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली हौद.
एरवी त्याच फळ्यांवर उभा राहून मी उपदेश करतो.
आवाज चढवला की पायाखाली घुमतं.
नव्या माणसाला वाटतं, काय दमदार बोलतात पाळक.
ते हौदाचं असतं.

काल एलिया सातपुते पाण्यात उतरले.
वय एकाहत्तर. शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरून भरून
दोन्ही गुडघे गेलेले.
मार्थाबाई चाळीस वर्षं पहिल्या बाकावर,
हे त्यांना स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडायचे
आणि उपासना सुटेपर्यंत टपरीवर पेपर वाचायचे.
तान्हेपणी दुसऱ्या मंडळीत कपाळावर पाणी शिंपडलं होतं म्हणे.
"मला इचारून शिंपडलं का?" एवढंच बोलायचे त्यावर.
माझ्याआधीचे तीन पाळक आणि मी,
चौघांना त्यांना आत आणता आलं नाही.
आता का, असं विचारलं मी वैशाखात, तर म्हणाले,
"मार्था गेली. पण स्कूटर रविवारी हिकडंच वळती."
बाप्तिस्म्याच्या वर्गात मी तीस वर्षं प्रश्न विचारतोय,
असं उत्तर कुठल्या पुस्तिकेत नाही.
मी ते मान्य केलं.

डीकन शमुवेल आवळेंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं
मागं झुकवलं, बुडवलं, वर काढलं,
आणि खोकत खोकत त्यांचा पहिला शब्द:
"लई गार हाय की वो!"
मंडळी हसली. एकोणीस माणसं.
मार्चमधल्या हिशेबाच्या भांडणानंतर
पहिल्यांदा एकदम हसली.

तरुण पोरं राजारामपुरीच्या हॉलला जातात,
तिथं ड्रम आहेत, धूर सोडायचं यंत्र आहे.
माझी थोरली तिथं गाते. चांगली गाते.
मोबाइलवर मी ऐकतो, आवाज बारीक करून.

बाविसावी बादली. बाहेरून शेजारच्या हौसाक्का:
"पाणी गटारात कशाला वतताय? म्हशी धुते की मी."
हात थांबला.
आमच्या शिकवणीत पाणी ते पाणीच,
तीर्थ आम्ही मानत नाही, हे मीच शिकवतो,
फळ्यावर खडूनं लिहून.
मग थांबला कशाला हात?
दिली बादली. मग दिल्या सगळ्याच.
म्हशीनं आधी हुंगलं, फुरफुरली,
मग मान खाली घालून निवांत प्याली
कालचं पाणी.

साखर कारखान्याचा भोंगा झाला.
बावड्यात मळीचा वास पसरला.
कंबर धरलीय. तळाशी चार बोटं पाणी आणि गाळ,
अजूनही कुठून येतो हा गाळ?
चाचपडताना हाताला लोकर लागली.
लाल गोंडा, मार्थाबाईंच्या हातचा,
आणि गोंड्याला स्कूटरची किल्ली.

झग्याखाली विजारीच्या खिशात राहिली असणार.
शमुवेलनं रिक्षानं घरी पोचवलं त्यांना.
किल्लीबद्दल ते कुणाला काही बोलले नाहीत,
आणि आम्हीही, ओले कपडे आणि चहाच्या गडबडीत,
कुणी विचारलं नाही.

फाटकाशी स्कूटर उभी आहे कालपासून,
सीटवर गुलमोहराचा पाला.
किल्ली धोतराला पुसून खिशात घातली.
मला स्कूटर येत नाही.
ऊन उतरलं की ढकलत नेईन.